मोबाइल फोनाची निवड : कंपनीची आणि ग्राहकाची

सांप्रत शेतकऱ्याच्या घरीं एखादें अवजार नसलें तर तें शेजाऱ्याकडून मागून आणतां येतें. पण मोबाइल नसला तर काम अडून राहतें. बँकेचा निरोप, बाजार समितींतील भाव, पावसाचा अंदाज हें सर्व त्यावरच येतें. आम्ही महसूल खात्यांत कारकून म्हणून लागलों, त्या वेळीं पीकपाहणी तलाठ्यानें शिवारांत जाऊन करावयाची व ती गांव नमुना १२ मध्यें लिहावयाची, अशी वहिवाट होती. २०२१ सालच्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्र सरकारनें ई-पीक पाहणीचें ॲप राज्यांत सुरू केलें, आणि पिकाची नोंद खातेदारानें स्वतः आपल्या फोनावरून करावी अशी व्यवस्था झाली. तेव्हां फोन ही आतां चैनीची वस्तु राहिली नसून शेतीच्या अवजारांतच तिची गणना केली पाहिजे.

अवजार म्हटलें कीं तें पारखून घेणें आलें. बैल घेतांना आपण दांत पाहतों, जमीन घेतांना सातबारा व फेरफार पाहतों. फोन घेतांना मात्र बहुतेक लोक दुकानदार काय म्हणतो तेवढेंच ऐकतात. आमचेंही तसेंच झालें होतें. दोन वर्षांपूर्वीं मृगाच्या तोंडावर बियाण्याचे व खताचे पैसे द्यावयाचे होते. फोनाची कांच शाबूत होती, बॅटरीही दिवसभर पुरत असे. पण बँकेचें ॲप उघडेना. फोनाची प्रणाली जुनी झाल्यामुळें हें ॲप आतां चालणार नाहीं, अशी सूचना त्यावर आली. शाखेंत जावें तर दोन दिवस सुट्टीचे. अखेर ओळखीच्या कृषि-सेवा केंद्रांतून बियाणें उधारीवर उचलावें लागलें, आणि रोखीची सवलत बुडाली ती निराळीच. पुढें नवा फोन घ्यावयास गेलों तेव्हां दुकानदारानें तीन फोन पुढें मांडले. पण तिन्हींत चांगला कोणता हें ठरविण्याचें कांहींच माप आमच्यापाशीं नव्हतें. त्यानंतर ह्या विषयाची जी माहिती आम्हीं जमविली, ती शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

प्रणाली म्हणजे काय?

फोन बाहेरून कितीही प्रकारचे दिसले तरी त्यांच्या आंत सर्व कामांवर देखरेख ठेवणारी एक मुख्य योजना असते. तिला कार्यप्रणाली म्हणतात. पडद्यावर काय दिसावें, कोणतें ॲप चालावें, कोणाच्या हातीं आपली माहिती जाऊं द्यावी, हें सर्व ती पाहते. हल्लीं जगांत अशा दोनच प्रणालींचें राज्य आहे. एक गूगल कंपनीची अँड्रॉइड आणि दुसरी ॲपल कंपनीची आयओएस, जी फक्त आयफोनांत असते.

दोघींची रीत निरनिराळी आहे. ॲपल स्वतःचाच फोन, स्वतःचीच प्रणाली आणि स्वतःचेंच दुकान ठेविते. दुसऱ्या कोणासही आपली प्रणाली देत नाहीं. उलट गूगलनें २००७ सालच्या ५ नोव्हेंबर रोजीं ३४ कंपन्यांचा संघ उभा करून अँड्रॉइड जाहीर केली, आणि ती फोन बनविणाऱ्या कोणासही फुकट देऊं केली. बियाणें फुकट वाटून माल मात्र आपल्याच वखारींत येईल अशी तजवीज करणाऱ्या व्यापाऱ्यासारखी ही रीत आहे. प्रणालीबद्दल पैसे नाहींत. परंतु त्या फोनांतून होणारा शोध, दिसणाऱ्या जाहिराती आणि ॲपांची विक्री ह्यांवर गूगलची कमाई होते. दोन्ही कंपन्यांचीं ॲपांचीं भांडारें आहेत, व तेथें होणाऱ्या विक्रीवर त्या आडत घेतात. ही आडत बरींच वर्षें सामान्यतः शेंकडा ३० होती. लहान विक्रेत्यांकरितां ती २०२१ सालीं शेंकडा १५ करण्यांत आली.

बाजार भरतो तेथेंच भरतो

आतां प्रश्न असा कीं, दोनच प्रणाली कां उरल्या? नांगर बनविणारे लोहार गांवोगांवीं असतात. मग फोनाच्या प्रणाली दहा-वीस कां नसाव्या?

ह्याचें उत्तर आठवड्याच्या बाजारांत आहे. एखाद्या गांवीं शनिवारचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरत असतो. शेजारचें गांव ठरवितें कीं आपणही बाजार भरवूं. तें गांव ओटे बांधतें, पाण्याची सोय करतें, बसण्याची पट्टीही माफ करतें. तरी पहिल्या आठवड्यास विकणारे थोडे येतात, कारण घेणारे येतील कीं नाहीं ह्याची त्यांस शंका असते. घेणारे पाहतात तों विकणारे थोडे. म्हणून तेही पुढच्या आठवड्यास जुन्याच बाजारीं जातात. नव्या बाजाराचे ओटे चांगले असूनही तो बसतो. प्रणालीचेंही असेंच आहे. ॲप तयार करणारे लोक जिकडे फोन वापरणारे पुष्कळ तिकडे जातात, आणि फोन घेणारे लोक जिकडे ॲपें पुष्कळ तिकडे जातात.

नोकिया कंपनीचें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलें. आपल्या देशांत खेडोपाडीं पहिला फोन बहुतेकांनीं ह्याच कंपनीचा पाहिला. तामिळनाडूंत श्रीपेरुंबुदूर येथें २००६ सालीं तिनें मोठा कारखाना काढला. तिचे फोन मजबूत होते, दुकानें सर्वत्र होतीं. पण तिची सिंबियन ही प्रणाली नव्या चालीच्या फोनांपुढें मागें पडली. २०११ सालच्या फेब्रुवारींत नोकियानें मायक्रोसॉफ्ट कंपनीशीं करार करून तिची विंडोज फोन ही प्रणाली पत्करली. ही प्रणाली वाईट होती असें नाहीं. हलक्या किंमतीच्या फोनांतही ती बरी चाले. परंतु बाजार तोंवर दुसरीकडे भरला होता, आणि ॲपें करणारे तिसऱ्या ठिकाणीं येऊन बसावयास तयार नव्हते. २०१४ सालच्या एप्रिलांत नोकियाचा फोनांचा धंदा मायक्रोसॉफ्टनें विकत घेतला, त्याच सालीं श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला, आणि पुढच्याच सालीं मायक्रोसॉफ्टला ह्या व्यवहारापोटीं ७६० कोटी डॉलर बुडीत खातीं लिहावे लागले.

अशा प्रणालीचा फोन ज्यांनीं घेतला त्यांचें काय झालें? फोन बंद पडला नाहीं. पण त्यावरचीं कामें एकेक करून सुटत गेलीं. व्हॉट्सॲपनें ब्लॅकबेरीच्या प्रणालींवरील आपलें काम २०१७ च्या डिसेंबरअखेर, नोकियाच्या जुन्या एस ४० प्रणालीवरील २०१८ च्या डिसेंबरअखेर आणि विंडोज फोनांवरील २०१९ च्या डिसेंबरअखेर बंद केलें. विहिरीचें बांधकाम शाबूत असावें आणि झरा आटावा, तशी त्या फोनांची गत झाली. ॲपवाल्यासही दोष देतां येत नाहीं. थोड्या गिऱ्हाइकांसाठीं निराळा माल करणें कोणासच परवडत नाहीं.

जोडणी देणाऱ्या कंपन्यांचा हिशेब

ग्राहक व ॲपवाले ह्यांखेरीज ह्या व्यवहारांत एक तिसरा असतो. ज्या कंपनीचें सिम आपण फोनांत घालतों ती जोडणी देणारी कंपनी. कांहीं देशांत प्रणालीची निवड ग्राहकापूर्वीं हिनेंच केली. हें कसें तें समजण्यास आपल्याकडील उचलीची पद्धत आठवावी. हंगामापूर्वीं आडत्या शेतकऱ्यास उचल देतो. ती घेतली कीं माल त्याच्याच आडतीवर घालावा लागतो, आणि उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जातां येत नाहीं. अमेरिकेंत मोबाइलचा धंदा बरींच वर्षें असाच चालला. जोडणीची कंपनी फोन पुष्कळ कमी किंमतीस देई, आणि त्याबदलीं दोन वर्षें तिचीच जोडणी ठेवण्याचा करार लिहून घेई. फोनाची उरलेली किंमत ती महिन्याच्या बिलांतून वसूल करी. ज्याचे पैसे गुंतले त्याचा शब्द चालतो, ह्या न्यायानें दुकानांत कोणता फोन मांडावा हें कंपनीच ठरवीत असे.

ॲपलनें पहिला आयफोन २००७ सालच्या २९ जून रोजीं अमेरिकेंत विक्रीस काढला, तो एटी अँड टी ह्या एकाच कंपनीमार्फत. एरवीं जोडणीच्या कंपन्या फोनांत स्वतःचीं ॲपें घालीत व त्यावर स्वतःचें नांव छापीत. एटी अँड टीनें हा हक्क सोडला, कारण दुसऱ्यांचे ग्राहक ह्या फोनाच्या ओढीनें आपल्याकडे येतील असा तिचा अदमास होता. पहिल्या फोनाची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती. पुढच्या जुलैंत आलेला आयफोन ३जी दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरांस मिळूं लागला. फोन स्वस्त झाला असें लोकांस वाटलें. वस्तुतः मधली रक्कम जोडणीची कंपनी उचल म्हणून भरीत होती.

व्हेरायझन ही तिची मोठी प्रतिस्पर्धी. आयफोन तिच्यापाशीं नव्हता, आणि ग्राहक निघून जाण्याचें भय होतें. तेव्हां तिनें अँड्रॉइडचा पदर धरला. २००९ सालच्या नोव्हेंबरांत मोटोरोला कंपनीचा ड्रॉइड नांवाचा फोन तिनें मोठी जाहिरात करून विक्रीस काढला. अमेरिकेंत अँड्रॉइडचें रोप रुजलें, त्याचें एक मोठें कारण हेंच कीं ज्या कंपन्यांस आयफोन मिळत नव्हता त्यांस त्याच्या तोडीचें कांहींतरी हवें होतें. पुढें २०११ च्या फेब्रुवारींत व्हेरायझनलाही आयफोन मिळाला. त्याच सालीं स्प्रिंट ह्या तिसऱ्या कंपनीनें चार वर्षांत सुमारें १,५५० कोटी डॉलरांचे आयफोन घेण्याची हमी ॲपलला दिली. ज्या मालावांचून गिऱ्हाईक टिकत नाहीं, त्याचा भाव विकणारा ठरवितो. जपानांतील डोकोमो कंपनीनें २०१३ पर्यंत व चीनमधील चायना मोबाइलनें २०१४ पर्यंत दम धरला. अखेर दोघींसही आयफोन घ्यावा लागला.

अशा रीतीनें दोन बळकट घराण्यांच्या हातीं सापडल्यावर जोडणीच्या कंपन्यांस तिसरें कोणीतरी असावें असें वाटूं लागलें. एकाच कारखान्यास ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यास दुसरा कारखाना निघावा असें वाटतें तसेंच हें. २०१३ सालच्या फेब्रुवारींत बार्सिलोना शहरीं मोझिला ह्या संस्थेच्या फायरफॉक्स प्रणालीस १८ कंपन्यांनीं पाठिंबा जाहीर केला. आपल्या देशांतही २०१४ च्या ऑगस्टांत ह्या प्रणालीचा फोन १,९९९ रुपयांस मिळूं लागला. परंतु लोकांस लागणारें व्हॉट्सॲप त्यावर आलें नाहीं. २०१५ च्या डिसेंबरांत मोझिलानें कंपन्यांमार्फत हे फोन विकणें थांबवीत असल्याचें जाहीर केलें. मोठमोठ्या कंपन्यांनीं ओटे बांधून दिले, पण बाजार भरला नाहीं.

आपल्या देशांत काय झालें?

भारतांत उचलीची ही पद्धत कधीं रुजलीच नाहीं. येथील बहुतेक ग्राहक आधीं पैसे भरून रिचार्ज करणारे. दोन वर्षांच्या करारानें बांधून घेणारे थोडे. फोन आपल्या पैशानें दुकानांतून घ्यावा आणि सिम हवें तें घालावें, ही आपली चाल. २००८ सालच्या २२ ऑगस्ट रोजीं आयफोन ३जी एअरटेल व व्होडाफोन ह्यांनीं येथें आणला, तेव्हां त्याची किंमत ३१,००० रुपये होती. अमेरिकेंतील १९९ डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावानें नऊ हजारांच्या आंतच. पुष्कळांस ही लूट वाटली. पण खरें कारण असें कीं तेथें ग्राहकाकरितां किंमत भरणारा दुसरा होता, येथें पुरी किंमत ग्राहकानेंच भरावयाची होती.

पैसे ग्राहकाचे, म्हणून निवडही ग्राहकाची झाली, आणि त्यानें ती आपल्या गरजेप्रमाणें केली. किंमत हलकी हवी, गांवाजवळ दुरुस्ती व्हावी, आणि एका कंपनीची जोडणी शिवारांत मिळाली नाहीं तर दुसरीची मिळावी म्हणून फोनांत दोन सिम हवीं. अँड्रॉइडचे फोन अनेक कंपन्या बनवीत असल्यामुळें हें सर्व त्यांत लवकर आलें. आयफोनांत दोन सिमांची सोय २०१८ सालीं आली. शिवाय २०११ सालच्या २० जानेवारीपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मोकळीक देशभर मिळाली, त्यामुळें कंपन्यांचा ग्राहकावरील हात आणखीच सैल झाला. हल्लीं आपल्या देशांत शंभर स्मार्टफोनांत नव्वदांहून अधिक अँड्रॉइडचे आहेत. अमेरिकेंत आयफोन निम्म्यांहून अधिक आहेत. दोन्ही देशांतील लोकांच्या मिळकतींत अंतर आहे हें खरें. पण फोनाचे पैसे कोण व कशा रीतीनें भरतो, हेंही तितकेंच मोठें कारण आहे.

आपल्याकडे एकदां मात्र जोडणीच्या कंपनीनें स्वतः प्रणाली निवडली. रिलायन्स जिओनें २०१७ च्या जुलैंत जिओफोन जाहीर केला. १,५०० रुपये अनामत, तीही तीन वर्षांनीं परत मिळण्याजोगी. पण सिम जिओचेंच चालेल, अशी अट होती. पैसे कंपनीचे गुंतले, म्हणून प्रणालीही तिनेंच ठरविली. ती काय-ओएस नांवाची होती. फायरफॉक्स प्रणालीचें झाड वठल्यावर त्याच्याच बुंध्यावर फुटलेली ही फांदी. असे कोट्यवधि फोन खपले. तरी लोकांची मागणी एकच, व्हॉट्सॲप कधीं येणार? तें २०१८ च्या सप्टेंबरांत आलें. पुढें २०२१ च्या नोव्हेंबरांत ह्याच कंपनीनें जिओफोन नेक्स्ट ६,४९९ रुपयांस काढला, तेव्हां त्यांत अँड्रॉइडच घातली. आणि २०२४ च्या जूनपासून काय-ओएसच्या फोनांवर व्हॉट्सॲप नव्यानें उतरवून घेणें बंद झालें. एवढी मोठी कंपनीही भरलेल्या बाजारापासून फार काळ दूर राहूं शकली नाहीं.

एकाच बाजारीं सर्वांस जावें लागलें कीं बाजाराचा मालक अटी घालूं लागतो, हें सांगावयास नको. अँड्रॉइडच्या बाबतींत गूगलनें आपल्या बळाचा गैरवापर केला असें ठरवून भारतीय स्पर्धा आयोगानें २०२२ च्या ऑक्टोबरांत तिला १,३३७ कोटी ७६ लक्ष रुपयांचा दंड केला. अपिलांत कांहीं आदेश रद्द झाले, पण दंड २०२३ च्या मार्चांत कायम राहिला. तेव्हां गर्दीबरोबर जाणें सोयीचें असलें तरी डोळे उघडे ठेवून जावें.

शेतकऱ्यानें काय पाहावें?

वरील विवेचनावरून जें घ्यावयाचें तें आतां थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट, फोन घेण्यापूर्वीं आपल्या कामांची यादी कागदावर लिहावी. आपल्या बँकेचें ॲप, पीक नोंदणी, बाजारभावाचा गट, मुलांचा अभ्यास, जें असेल तें. हीं सर्व कामें त्या फोनांत होतात काय, हें दुकानांतच पाहून घ्यावें. बाकीचे गुण मागाहून विचारावे.

दुसरी गोष्ट मुदतीची. बियाण्याच्या पिशवीवर आपण मुदत वाचतों. फोनासही मुदत असते, पण ती खोक्याच्या दर्शनीं भागीं सहसा नसते. प्रणालीच्या सुरक्षेची दुरुस्ती कंपनी किती वर्षें पाठविणार, ही ती मुदत. ही वर्षें आपण घेतल्या दिवसापासून नव्हे, तर तो नमुना प्रथम बाजारांत आला तेव्हांपासून मोजावयाचीं. सॅमसंग व गूगल ह्यांनीं आपल्या कांहीं महाग फोनांस सात वर्षांची हमी दिली आहे. हलक्या फोनांस ती पुष्कळ कमी असते. आयफोनांस दुरुस्त्या दीर्घकाळ मिळतात. २०१३ सालच्या आयफोन ५एस ह्या नमुन्यास २०२३ च्या जानेवारींतही एक मिळाली. सणासुदीस सवलतीनें मिळणारा जुना नमुना म्हणजे मुदत संपत आलेली पिशवी असूं शकते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. किंमत उरलेल्या वर्षांनीं भागावी. आठ हजारांचा फोन दोन वर्षें टिकणार असेल तर वर्षास चार हजार पडले. चौदा हजारांचा पांच वर्षें टिकणार असेल तर अठ्ठावीसशेंच पडले. हातीं रोकड नसेल तर स्वस्त फोन घ्यावा लागतो हें आम्ही जाणतों. पण तोच काटकसरीचा आहे अशा समजुतींत राहूं नये.

चौथी गोष्ट उचलीची. एखादी कंपनी फोन फार स्वस्त किंवा हप्त्यानें देत असेल, तर मधली रक्कम कोण भरतो व ती आपल्याकडून कशी वसूल होणार, हें विचारावें. सर्व हप्ते व रिचार्ज ह्यांची बेरीज करावी, आणि फोन एकाच कंपनीच्या सिमास बांधलेला नाहीं ह्याची खात्री करून घ्यावी.

पांचवी गोष्ट, एका प्रणालींतून दुसरींत जावयाचें असेल तर नंबर, फोटो व कागदपत्रें आधीं दुसरीकडे उतरवून ठेवावीं. विकत घेतलेलीं ॲपें सहसा बरोबर येत नाहींत, व हाताची संवयही नव्यानें लावावी लागते.

आम्हीं स्वतः अखेर त्या तीन फोनांपैकीं मधल्या किंमतीचा, पण ज्याची मुदत सर्वांत लांब होती तो घेतला. दुकानदार दुसऱ्याचा कॅमेरा वारंवार दाखवीत होता. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें कीं, ह्याच्या दुरुस्त्या किती सालापर्यंत येणार? त्यानें आपल्या फोनावर शोधून तें साल सांगितलें. तेंच आम्हीं खोक्यावर शाईनें लिहून ठेविलें आहे. तें साल येईल त्या वर्षीं मृगाची वाट न पाहतां उन्हाळ्यांतच पुढची सोय करावयाची, असें ठरविलें आहे. वाचकांनींही आपापल्या फोनाचें तेवढें एक साल शोधून काढावें, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.